एकशे पंचावन्न रुपयांचं घर

खामगावात आम्ही राहायला आलो ते एकोणीसशे चोवीसच्या दसऱ्यानंतर. माझे यजमान गोपाळराव कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात कारकून म्हणून लागले होते. पगार अडतीस रुपये. स्टेशनच्या रस्त्याला दोन लहान खोल्या आम्हाला मिळाल्या. समोरच कय्यूम मिस्त्रीचं दुमजली घर होतं, पुढं ओटा, ओट्यावर चार खुर्च्या.

कय्यूम मिस्त्री आमच्याच जिनात इंजिनावर होते. फाटकातून आत येता येता नुसत्या आवाजावरून ते सांगत, की आज कुठली बेअरिंग तापली आहे. जिनाचे मालकसुद्धा त्यांना अहोजाहो करत. त्यांना महिना ऐंशी रुपये. धाकटा भाऊ गफ्फार बॉयलरवर, त्याला चाळीस. मुलगा नजीर फिटर, त्याला पस्तीस. म्हणजे हंगामात त्या एका घरात एकशे पंचावन्न रुपये यायचे. तहसिलीतल्या अव्वल कारकुनाच्या घरातही एवढा पैसा दिसत नव्हता.

म्हणून पहिल्याच महिन्यात, वीस-एकवीस तारखेला, मिस्त्रींची बायको नजमुन्निसा, सगळ्यांची नजमाबी, माझ्या मागच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी बुचकळ्यात पडले. पदराखाली वाटी होती.

"वैनी, वाटीभर तेल असंल काय? पहिली तारीख झाली की आणून देते."

मला वाटलं दुकान बंद असेल. पण पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. खोटं कशाला सांगू, मला आतून बरं वाटायचं. अडतीसवाल्याच्या घरून एकशे पंचावन्नवाल्यांनी तेल न्यावं! पण नजमाबी वाटी कधी विसरली नाही. दोन तारखेला तेल परत यायचं, वाटी काठोकाठ भरून.

हळूहळू आमची गट्टी जमली. ती मूळची लोणारजवळच्या बीबी गावची. घरात ते लोक उर्दू बोलत, पण ती माझ्याशी आमच्याच वऱ्हाडीत बोलायची. माझं माहेर मेहकरचं, त्यामुळं बोलायला विषय कमी पडत नव्हते.

त्या घरात दारू नव्हती, जुगार नव्हता, कुणाला कसली वाईट सवय नव्हती. पैसा जायचा तो सगळा चांगल्या गोष्टींवर. बीबीहून कोणी कोर्टात आलं, दवाखान्यात आलं, कापसाची गाडी घेऊन आलं, की मुक्काम मिस्त्रींकडं, आणि पाहुण्याला मटणाशिवाय जेवण नाही. जिन पाच मिनिटांच्या अंतरावर, पण मिस्त्री टांग्यानं जायचे. दर शुक्रवारी जिनातल्या सगळ्या मजुरांना त्यांच्याकडून चहा आणि भजी. घराचं भाडंच चौदा रुपये. शिवाय हप्त्यावर ग्रामोफोन घेतलेला. बांगड्यावाली माझ्याकडून सहा आणे घ्यायची, तिथं नऊ आणे मागायची, कारण घर मोठं. त्यांनाही घासाघीस करायची लाज वाटायची, कारण तेच.

सगळ्यात जास्त हौस मिस्त्रींच्या आईला, नूरजहांबीला, होती. पाहुणा उठायला लागला की म्हातारी त्याच्या ताटात अजून एक पोळी टाकायची. तिचा नवरा लवकर वारला होता. लोकांच्या रानात कापूस वेचून तिनं दोन पोरं वाढवली. त्या दिवसांत तिला कोणी ताटावर बोलावलं नव्हतं. ते ती विसरली नव्हती.

चैत्रात कापूस संपला की जिन बंद व्हायचं. मिस्त्रींना यंत्रं सांभाळायला अर्धा पगार मिळे, बाकी दोघांना काहीच नाही. पावसाळा कसा जायचा ते मी बघत होते.

एकोणीसशे पंचवीसच्या आषाढात मिस्त्रींना मलकापूरहून निरोप आला. एका कापूसवाल्याचं आठ हॉर्सपॉवरचं तेलाचं इंजिन विकायचं होतं, सोबत पिठाच्या गिरणीची दगडं. सगळं मिळून साडेतीनशे. इंजिन मिस्त्रींनी स्वतः दोनदा उघडून बसवलेलं, त्याची नस न् नस त्यांना ठाऊक. स्वतःची गिरणी टाकायची हे त्यांचं तरुणपणापासूनचं स्वप्न होतं. मालकानं त्यांच्यासाठी पंधरा दिवस थांबायचं कबूल केलं.

घरात शोधाशोध झाली. पेट्या उघडल्या, म्हातारीनं पुरचुंडी सोडली, गफ्फारनं कोटाचे खिसे उलटे केले. सगळे मिळून निघाले सव्वीस रुपये.

मिस्त्री आधी हसले. मग ओट्यावरच्या खुर्चीत बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

व्याजानं पैसे काढायला ते तयार होते. नजमाबीनं नाही म्हटलं. "जिन बंद आहे. चार महिने घरात दाणा कुठून येईन त्याचा पत्ता नाही, आन् वरून व्याज? नाही." पंधरा दिवस झाले. इंजिन शेगावच्या एका तेल्यानं नेलं.

त्या दिवशी समोरच्या घरात भांडण झालं. भर दुपारी, आणि रस्त्याला ऐकू जाईल असं. गफ्फार म्हणाला, भाभीच्या स्वयंपाकघरात पैसा जातो. नजीर म्हणाला, चाचाला दर महिन्याला नवे बूट कशाला लागतात? मिस्त्री दोघांवर ओरडले. मी दारातच उभी होते, मला सगळं दिसत होतं. नजमाबी मधोमध उभी राहिली आणि म्हणाली,

"कोणाचाच कसूर नाही. म्हणून तर रोग सापडत नाही. आपून चोर शोधून राह्यलो, आन् चोर कोणी नाहीच."

"मग पैसा जाते कुठं?" मिस्त्रींनी विचारलं.

"लोकायले आपून मोठे वाटतो ना, तसं वाटत राहाले जाते. टांगा कोणासाठी? हे घर कोणासाठी?"

"माणसाले इज्जत असते, नजमा."

"हाव, असते. वीस तारखेले मी ती इज्जत वाटीत घेऊन वैनीच्या दारात जाते. तिचा नवरा अडतीस रुपयेवाला. तुमच्या टांग्याले सलाम करणाऱ्यातल्या एकानं तरी कधी तेल देल्लं काय?"

मिस्त्रींना ते तेल माहीतच नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी आत निघून गेले, आणि या बाईच्या गरजेवर आपण मनातल्या मनात मोठेपणा मिरवत होतो याची त्या दिवशी मला पहिल्यांदा लाज वाटली.

नजमाबीनं ठरवलं, हे घर सोडायचं. जिनाच्या मागं मजुरांसाठी टिनाच्या खोल्या होत्या, तीन रुपये भाड्याच्या. मिस्त्री म्हणाले, मेलो तरी मजुरांच्या टिनाखाली जाणार नाही. आठ दिवस नवरा-बायको बोलले नाहीत. निकाल लावला तो म्हातारीनं, आणि तो असा लागेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

"मी कय्यूमले जेवू घालाले शिकवलं," नूरजहांबी सुनेला म्हणाली. "रिकामं व्हाले नाही शिकवलं. जिन सुरू झालं की गाडी बोलव."

दिवाळीनंतर जिन सुरू झालं. एका सकाळी तिघे बाप्ये कामावर गेले आणि सासू-सुनांनी बैलगाडी आणून सामान भरलं. मी आणि आणखी दोघी बायका हाताखाली होतो. ग्रामोफोन दुकानदाराला परत गेला, खुर्च्या विकल्या. संध्याकाळी मिस्त्री टांग्यातून उतरले तर दाराला कुलूप! टांगेवाल्यासमोर काय बोलणार? त्याला पैसे देऊन त्यांनी वाटेला लावलं आणि स्वतः पायी उलटे जिनाकडं गेले. टिनाच्या खोलीत नजमाबीनं पाण्याचा लोटा पुढं केला. पाणी पिऊन त्यांनी छपराकडं पाहिलं आणि म्हणाले,

"इथून इंजिनाचा आवाज साफ ऐकू येते."

बस. एवढंच. दुसऱ्या दिवसापासून टांगा बंद.

शुक्रवारचा चहा मात्र तिनं तोडला नाही. भजी बंद झाली, चहा चालू राहिला. ती म्हणाली, तो चहा माझ्या नवऱ्याचा जीव आहे. पाहुणे येतच होते, पण आता ताटात वरण-भाकर. महिन्या-दोन महिन्यांत ते निम्म्यावर आले. म्हातारीला वाईट वाटलं. नजमाबी म्हणाली, "अम्मा, जे येऊन राह्यले ते आपले. त्यायले पोटभर वाढा."

एका दुपारी ती मला घेऊन डाकघरात गेली. बचत खात्याचा फॉर्म मी भरला, तिनं अंगठा लावला. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती एकटीच जायची, उन्हातान्हातून, बुरखा सावरत.

पण खरी कसोटी पुढं होती. सत्तावीस साली नजीरचं लग्न मेहकरच्या एका बांगड्यांच्या व्यापाऱ्याच्या मुलीशी, सरवरीशी, ठरलं. मिस्त्रींचं जुनं वारं पुन्हा अंगात आलं. चारशे माणूस, अकोल्याचा बँड, दोन दिवस जेवणाच्या देगा. "एकुलता एक पोरगा आहे," ते म्हणाले. "इथं हात आखडला तर मी खामगावात तोंड दाखवणार नाही." डाकघरात तोवर तीनशेच्या वर जमले होते. सगळे त्या दोन दिवसांत जाणार हे दिसत होतं.

नजमाबी भांडली नाही. ती सासूला घेऊन सर्व्हिस मोटारीत बसली आणि मेहकरला गेली. मीही माहेरी निघाले होते, म्हणून बरोबर होते. व्याह्यांच्या घरी चहा झाला. सरवरीचे वडील हात बांधून बसले. मुलाची आई लग्नाआधी अशी अचानक आली म्हणजे काहीतरी वाढवून मागायला, असंच त्यांनी धरलं होतं.

"भाईसाब, मी मागाले आली," नजमाबी म्हणाली.

"बोला."

"कमी मागाले आली. बँड नको. देगा नको. मशिदीत निकाह, खारका वाटू, सरबत पाजू. घरचे चाळीस लोक जेवतीन. आमची बदनामी होईन ती आम्ही सोसू, तुमची झाली तर मले माफ करा."

ते उठले आणि आत गेले. बराच वेळ बाहेर येईनात. म्हातारी कुजबुजली, "बिघडलं वाटते." मलाही तसंच वाटलं.

मग पडद्यामागून सरवरीची आई बाहेर आली. ती रडत होती आणि हसतही होती.

"बहन, ते आतमधी रडून राह्यले. तुमच्या लोकायचा इंतजाम करासाठी उद्या दुकान गहाण टाकणार होते. तुमचं घर मोठं, कमी कसं करावं, म्हणून."

"आमचं घर मोठं?" नजमाबी म्हणाली. "आम्ही तुमच्यासाठी बँड सांगून राह्यलो होतो!" आणि त्या दोघी विहिणी, ज्यांची अजून धड ओळखही झाली नव्हती, एकमेकींच्या गळ्यात पडून हसायला लागल्या. म्हातारी तर हसून हसून खोकायला लागली. आतून सरवरीचे वडील डोळे पुसत बाहेर आले आणि त्यांनी पुन्हा चहा मागवला.

मिस्त्रींना हे कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "दुकान गहाण टाकत होता तो? माह्या बँडसाठी?" आणि दोन दिवस हीच गोष्ट ते जिनात सगळ्यांना सांगत सुटले.

लग्न खारकांवर झालं. खामगावात चार लोक बोलले, आणि त्याच साली आणखी दोन मिस्त्रींनी आपापल्या पोरांची लग्नं तशीच केली.

अठ्ठावीसच्या वैशाखात कय्यूम मिस्त्रींनी अकोल्याहून इंजिन आणलं. जुनंच, पण मलकापूरच्यापेक्षा चांगलं. दगडांसकट पाचशे वीस रुपये, रोख. गिरणी कुठं टाकायची यावर घरात वाद झाला नाही. खामगावात गिरण्या होत्या. घाटावर, बीबीकडं, एकही नव्हती. म्हणून नोकऱ्या सोडून सगळं घर बीबीला निघालं.

बीबीचा पुंजाजी गाडीवान दोन गाड्या घेऊन घाटाखाली आला. एका गाडीवर इंजिन, दुसऱ्यावर दगडं. सहा दिवस लागले. घाटात चार बैल जास्तीचे जोडावे लागले. मेहकरला पैनगंगेच्या वाळूत इंजिनाची गाडी चाकाच्या आसापर्यंत रुतली. निरोप गेला आणि सरवरीचे वडील आठ माणसं घेऊन नदीत उतरले. बांगड्या विकणारा तो नाजूक माणूस चाकाला खांदा देऊन ओरडत होता, "ओढा बे! माह्या पोरीचं घर आहे हे!" मी तेव्हा माहेरीच होते. काठावर सारं मेहकर जमलं होतं.

गिरणी सुरू होण्याच्या दिवशी आम्ही बहिणी-बहिणी मोटारीनं बीबीला गेलो. वेशीजवळ कुडाचं छप्पर, आत इंजिन, आणि बाहेर अख्खं गाव. मिस्त्रींनी रॉकेलच्या झोताच्या दिव्यानं इंजिनाचं डोकं लालभडक तापवलं, चाक फिरवलं. फुस्स. पुन्हा तापवलं, पुन्हा फिरवलं. पुन्हा फुस्स. गर्दीतून कोणीतरी हसलं. जिनात आवाजावरून रोग ओळखणारा माणूस घामानं निथळत होता, कारण आवाजच येत नव्हता.

"नदीत रुतलं होतं ना ते?" नजमाबी दारातून म्हणाली. "त्याच्या नळीत वाळू असंल."

मिस्त्रींनी तेलाची नळी काढली, तोंडानं फुंकली. चिमूटभर पैनगंगा बाहेर आली. नजीरनं नळी बसवली, गफ्फारनं चाकाला हात घातला. इंजिन एकदा शिंकलं, दोनदा शिंकलं, आणि मग टुक-टुक-टुक सुरू झालं ते थांबलंच नाही. पोरं नाचायला लागली. पुंजाजीचे बैल दावं तोडून पळाले.

पण दळण कोणी पुढं करेना. गावचे रंगराव पाटील म्हणाले, लोखंडाच्या तडाख्यात पीठ जळतं, त्यातला कस जातो, खाणाऱ्याला उष्णता होते. बायकांनी माना हलवल्या. टोपल्या डोक्यावरच राहिल्या.

नजमाबीनं आपली ज्वारी ओतली. पडलेल्या पिठाची तिनं तिथंच, तीन विटांच्या चुलीवर, भाकरी करून सगळ्यांसमोर खाल्ली. मग ओंजळभर पीठ रुख्मिणी नावाच्या एका म्हाताऱ्या कुणबिणीच्या पदरात घातलं. "मावशी, माह्या हातची नको खाऊ. तुह्या चुलीवर कर, आन् खरं काय ते येऊन सांग."

रुख्मिणीचा उजवा खांदा जात्यानं कायमचा वाकला होता. ती गेली. तेवढा वेळ कोणी हललं नाही. इंजिन रिकामंच चालत होतं, तेल जळत होतं, मिस्त्री दातावर दात धरून उभे. ती परतली तेव्हा तिच्या डोक्यावर मोठी टोपली होती.

"भाकर भुसभुशीत झाली," तिनं पाटलांकडं न बघता सांगितलं. "घे वं बाई, दोन पायल्या आहेत. आन् मी काही रोज दळाले बसत नाही आता."

मग बायका अशा पुढं सरकल्या की नजीरला दाराशी आडवा बांबू लावावा लागला. दिवस मावळेपर्यंत गिरणी थांबली नाही.

एकोणीसशे तीस साली कापसाचे भाव कोसळले. खामगावातली कितीतरी जिनं त्या हंगामात उघडलीच नाहीत. आमच्या यजमानांचा पगार अठ्ठावीसवर आला. ऐंशी-नव्वद मिळवणारे मिस्त्री रस्त्यावर आले, आणि त्यांच्या घरांत पेट्या उघडल्या तेव्हा कय्यूम मिस्त्रींच्या पेटीत निघालं होतं तेवढंही निघालं नाही. बीबीची गिरणी सगळा खर्च जाऊन महिना साठ रुपये देत होती. कापूस पडो की चढो, भाकरी लोकांना रोज लागते.

पुढच्या साली आमच्या मालकांचा माणूस बीबीला गेला. इंजिन बिघडलं होतं, नवा मिस्त्री हात टेकून बसला होता. मालकांनी शंभर रुपये पगारावर परत बोलावलं होतं. कय्यूम मिस्त्री आले. फाटकातच थांबून त्यांनी आवाज ऐकला, दोन दिवसांत काम केलं, मजुरी घेतली, मजुरांना चहा पाजला आणि निघाले. मालक स्वतः बाहेर आले.

"मिस्त्री, शंभर कमी आहेत का?"

"नाही मालक, भरपूर आहेत," ते म्हणाले. "पण आमच्या घरी आता साठ पुरून उरतात. शंभराचं काय करावं, ते नजमाले इचारावं लागंल."

तिला विचारायची वेळ आलीच, पण वेगळ्या कामासाठी. चौतीस साली लोणारसाठी दुसरं इंजिन घेतलं. नवं, कारखान्यातून आलेलं, कागदात गुंडाळलेलं. नजीर आणि सरवरी ते चालवणार होते. गाडी बीबीहून निघाली तेव्हा नजमाबी कुणाचं न ऐकता वर चढली आणि पुंजाजीच्या शेजारी, इंजिनाला पाठ टेकून बसली. वाटेवरच्या प्रत्येक गावात बायका दाराशी येत. "कुठं चालली वं, नजमाबी?" कोणीतरी विचारी.

"लोणारले," ती वरूनच ओरडून सांगे. "दळण पाखडून ठेवा, गिरणी येऊन राह्यली!"